कानस की कीबोर्ड?

जून २०२५ मध्ये जेफ्री हिंटन या शास्त्रज्ञाने एका मुलाखतीत तरुणांना सल्ला दिला : प्लंबर व्हा! हा माणूस ऐरागैरा नाही. २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला ज्या संशोधनासाठी मिळालं, तेच आजच्या एआयचा पाया आहे. पाठोपाठ जुलैमध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार लोक कमी करण्याचं जाहीर केलं. कंपनीच्या म्हणण्यानुसार कारण एआय नव्हतं, कौशल्याचा मेळ बसत नव्हता. कारण काही का असेना, होस्टेलवर मात्र तेव्हापासून एक जोक रूढ झालाय. व्हायवा वाईट गेली, की "चल, प्लंबिंगचं दुकान टाकू!"

मित्रांनो, मला हा जोक खटकतो. सल्ला चुकीचा आहे म्हणून नाही, तर तो अर्धाच बरोबर आहे म्हणून.

आधी बरोबर अर्धा. हान्स मोरावेक या रोबोटिक्स तज्ज्ञाने १९८८ मध्येच लिहून ठेवलं होतं, की कॉम्प्युटरला बुद्धिमत्तेच्या चाचणीत मोठ्या माणसासारखे मार्क मिळवून देणं सोपं, पण वर्षाच्या बाळाइतकं बघायला आणि हालचाल करायला शिकवणं महाकठीण. आपल्याच होस्टेलचे पाईप बघा ना. कुठे जुनं जीआय, कुठे त्याला जोडलेलं पीव्हीसी, मध्येच कोणीतरी गुंडाळलेलं टेप. ड्रॉइंग कुठेच नाही! प्लंबर भिंतीला कान लावतो, पाना फिरवतो आणि आटे गेलेत हे हाताला लागणाऱ्या जोरावरून ओळखतो. याचा डेटासेट कुठून आणणार?

पण म्हणून 'हाताचं काम सुरक्षित' असं म्हणायचं का? छापखान्यातल्या खिळे जुळाऱ्यांना विचारा. मराठी जोडाक्षरांमुळे त्यांच्यासमोर शेकडो खिळ्यांच्या केसेस असत. उलटी अक्षरं वाचत ते झरझर ओळी जुळवत. केवढं कौशल्य! डीटीपी आलं आणि तो धंदा संपला. मोटारीच्या कारखान्यात बॉडीचं स्पॉट वेल्डिंग आज रोबो करतो, पण तिसऱ्या मजल्यावर लोंबकळत ग्रिल जोडणारा वेल्डर अजून माणूसच आहे. थोडक्यात काय, भांडण हात आणि डोकं यांचं नाहीच. जे काम रोज तसंच्या तसं होतं, ते मशीनकडे जातं. जे दर वेळी नवं असतं, ते माणसाकडे राहतं. या हिशोबाने एकमेकांच्या असाइनमेंट कॉपी करणारे आपण सगळे कुठे बसतो, ते ज्याचं त्याने ठरवावं!

आता उरलेला अर्धा. हिंटन राहतात टोरोंटोत. तिथल्या ऑन्टारिओ प्रांतात प्लंबर व्हायला काही वर्षं रीतसर अप्रेंटिसशिप करून परीक्षा द्यावी लागते, आणि मग त्या कामाला दाम आणि मान दोन्ही मिळतात. आपल्याकडे? सकाळी नाक्यावर उभं राहायचं, ठेकेदार म्हणेल तो रोज घ्यायचा. पीएफ नाही, सेफ्टी बेल्ट नाही. पडला तर नशीब त्याचं. दहावीनंतर दोन वर्षं आयटीआयमध्ये घासून इलेक्ट्रिशियन झालेल्या मुलाबद्दल आपण काय म्हणतो? "मार्क कमी पडले असतील." मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. 'कम्युनिटी हेल्पर्स'च्या धड्यात सुतार, प्लंबर यांची चित्रं आम्ही हौसेने रंगवली, पण तुम्हाला यातलं काही व्हायचंय का, असं टीचरने कधी विचारलं नाही. कानस, रंधा, पटाशी हे शब्द मला वर्कशॉपमधल्या मामांकडून कळले.

आणि समजा, नोकरी न मिळालेले आपण सगळे उद्या खरंच त्याच नाक्यावर जाऊन उभे राहिलो, तर? काम तेवढंच, हात दुप्पट. रोज कोणाचा पडेल? त्या आयटीआयवाल्याचाच. आपला 'प्लॅन बी' म्हणजे त्याचा 'प्लॅन ए' आहे, हे आपल्या जोकमध्ये कुठेच नसतं.

मग करायचं काय? मला तीन गोष्टी सुचतात. एक, वर्कशॉप फर्स्ट इयरला उरकून टाकू नका. शेवटच्या वर्षापर्यंत कुठलंतरी एक हातकाम असू द्या, आणि ते शिकवायला आयटीआय झालेले कारागीर मानाने बोलवा, मानधन देऊन. दोन, दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला येता येतं. अशी मुलं वर्गात आली, की त्यांना मॅथ्सवरून हिणवण्यापेक्षा त्यांच्याकडून मशीन शिकून घ्या. तीन, उद्या साइटवर इंजिनिअर म्हणून सही करायची वेळ आली, तर वेल्डरच्या बेल्टशिवाय काम सुरू होऊ देऊ नका. ट्रेडला प्रतिष्ठा भाषणांनी येत नाही. रोज, विमा आणि सेफ्टी यांनी येते.

फिटिंग शॉपमधला जॉब खरोखर स्वतः घासला, अशांनी जरा हात वर करा. फार दिसत नाहीत ना? ज्यांनी तो मामांकडून करून घेतला, त्यांनी 'प्लंबिंगचं दुकान टाकू' म्हणण्याआधी एवढंच बघावं, की ते दुकान आपल्याला झेपणार आहे का!