बाणकोट कोणी दिला?

सावित्रीच्या मुखाशी, दक्षिण तीरावरच्या टेकडीवर, बाणकोटचा किल्ला आहे. 'व्हिक्टोरिया राणीच्या नावाचा किल्ला' अशी त्याची ओळख आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात पुष्कळजण करून देतात. मीही लहानपणी तसेच घोकले. राणीसाहेब जन्मल्या १८१९ साली, आणि किल्ला इंग्रजांच्या हाती पडून 'फोर्ट व्हिक्टोरिया' झाला तो त्याच्या साठ वर्षे आधी. म्हणजे इंग्रज पक्के जोतिषी असले पाहिजेत!

एवढीच चूक असती तर मी लेखणी उचलली नसती. पण ही चूक फार सोयीची आहे. राणीचे नाव घेतले की किल्ला पेशवाई बुडाल्यावर गेला असे वाटते. वस्तुतः तो गेला नाही, दिला गेला.

नानासाहेब पेशव्यांना तुळाजी आंग्रे नकोसा झाला होता. तुळाजी काही संत नव्हता. तो पुण्याला जुमानीत नसे, आणि दर्यावर त्याचा जाच होता हेही खरे. पण घरचा दांडगा भाऊबंद आवरण्यासाठी कोणी शेजारच्या सावकाराला घरात घेतो काय? १७५५ च्या एप्रिलात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग पाडाव केला, त्याच आठवड्यात बाणकोट. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून गेले. ते आरमार अखेर मराठ्यांचेच होते! पुढे इंग्रज विजयदुर्ग सोडीनात, तेव्हा ऑक्टोबरात तह झाला. विजयदुर्ग परत मिळाला, आणि बाणकोट भोवतालच्या गावांसह इंग्रजांकडे गेला. १८१८ नंतर दक्षिण कोकणचा कारभार गोऱ्यांनी तेथूनच सुरू केला. १८२२ साली कचेरी रत्नागिरीस आली.

२०२५ साली सुवर्णदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेला. मला आनंदच झाला. त्या निमित्ताने एक भाषण ऐकले. त्यात शौर्य होते, दर्या होता, १७५५ तेवढे नव्हते. मी वक्त्यांना नंतर विचारले. ते म्हणाले, "अहो, अशा मंगल प्रसंगी घरातली भांडणे कशाला काढता?"

मग काढावयाची केव्हा? अमंगल प्रसंगी आम्ही किल्ल्यांकडे फिरकतच नाही.

बाणकोटच्या दरवाजाशी माहिती लिहावयाची असेल, तर एप्रिल १७५५ आणि ऑक्टोबर १७५६ या दोन तिथी लिहा, आणि तहातले दोन्ही पक्ष नावानिशी लिहा. राणीला आता रजा द्या.