शोध मोबाईलमध्ये, आनंद अंगणात

‘मोबाईल सोडा, म्हणजे निम्मे आजार पळतील’ हा सल्ला हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी असतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे तो देतात, ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्याख्यानात तो ऐकू येतो आणि गंमत म्हणजे सर्वांत जास्त तो मोबाईलवरूनच पाठवला जातो. बरीच वर्षे दवाखाना चालविल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की हा सल्ला ऐकायला बरा, पण आचरणात येत नाही. ज्या वस्तूवर गॅस सिलिंडरची नोंदणी होते, बँकेचा निरोप येतो आणि परगावच्या नातवाचा चेहरा दिसतो, ती वस्तू कोणी सोडणार नाही. ती सोडावी असे मलाही वाटत नाही. मोबाईल हातात घेऊन माणूस जिथे कुठे भटकून येतो, तिथून तो आपल्या घरात परत येतो की नाही, हा खरा प्रश्न आहे. आणि तो आरोग्याचाच प्रश्न आहे.

घरातले साधे आनंद आपण आरोग्याच्या हिशेबात धरत नाही. सकाळी दारातला प्राजक्ताचा सडा वेचणे, दुपारी दोघी-तिघींनी बसून मेथी निवडणे, गच्चीवर पापड वाळत घालणे, रात्री जेवणे आटोपल्यावर मुलांबरोबर गुलामचोराचा एक डाव टाकणे, याला कोणी औषध म्हणणार नाही. पण यात काय काय घडते ते पाहा. माणूस खुर्चीतून उठतो, वाकतो. नजर जवळून दूर आणि दुरून जवळ फिरते. बोटे चालतात. शेजारी बसलेल्याशी चार शब्द बोलणे होते, थोडे हसणेही होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी असे सांगितले आहे. त्याबरोबरच, बसून राहण्याचा वेळ कमी करा आणि थोडीशी हालचालही अजिबात नसण्यापेक्षा बरी, असेही म्हटले आहे. आपल्या घरातली कामे या ‘थोड्याशा’त नक्कीच बसतात.

तांबटाची ओळख

माझ्याकडे रक्तदाबासाठी नियमित येणारे एक निवृत्त कारकून आहेत. पत्नी वारलेली, मुलगा नोकरीनिमित्त बाहेर. दिवसाचे पाच-सहा तास आरामखुर्चीत मोबाईल पाहण्यात जात. रात्री एक वाजल्याखेरीज डोळा लागत नसे. ‘वेळ कसा घालवायचा, डॉक्टर?’ हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. सुटीत आलेल्या नातीने त्यांना एक गोष्ट दाखवली. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने ‘मर्लिन’ नावाचे एक ॲप काढले आहे, ते फुकट मिळते. २०२१ पासून त्यात पक्ष्याच्या आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय आहे. मोबाईल अंगणात धरला, की कोणता पक्षी बोलतो आहे त्याचे नाव ते सुचवते. क्वचित चुकतेही, पण पुष्कळदा बरोबर असते.

त्यांच्या घरामागच्या उंबरावर वर्षानुवर्षे ‘टुक्‌, टुक्‌, टुक्‌’ असा आवाज येई. कुठेतरी पंप चालू असावा, अशीच त्यांची समजूत होती. तो निघाला तांबट पक्षी! तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारावी तसा आवाज, म्हणून हे नाव. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल पट्टा. वड, पिंपळ, उंबर यांची फळे हे त्याचे आवडते खाणे. पानांत असा मिसळून जातो, की आवाज ऐकूनही पटकन दिसत नाही. गृहस्थांना तो पहिल्यांदा दिसायला तीन दिवस लागले. आता ते रोज सकाळी घराबाहेर पडतात. दयाळ, बुलबुल, शिंजीर अशी वहीत नोंद ठेवतात. शेजारचे दोघेजण त्यांच्याबरोबर फिरू लागले आहेत.

पक्षी ऐकून त्यांचा रक्तदाब उतरला, असे मी मुळीच म्हणणार नाही. त्यांच्या गोळ्या चालूच आहेत आणि चालूच राहतील. पण रोज अर्धा-पाऊण तास चालणे होऊ लागले. सकाळी लवकर उठायचे म्हणून रात्री लवकर आडवे होणे आले. झोप सुधारली. आणि ‘वेळ कसा घालवायचा’ हा प्रश्न त्यांनी मला पुन्हा विचारलेला नाही.

हा केवळ एका माणसाचा अनुभव आहे असेही नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे १,३०० लोकांना मोबाईलवरूनच दिवसातून अनेकदा विचारण्यात आले, की आत्ता पक्षी दिसतो किंवा ऐकू येतो आहे का, आणि मनाची अवस्था कशी आहे. पक्षी दिसला किंवा ऐकू आला तेव्हा मन अधिक प्रसन्न असल्याचे आढळले आणि हा परिणाम आठ तासांपर्यंत टिकल्याचेही दिसले. नैराश्याचे निदान झालेल्या लोकांतही तसेच आढळले. अर्थात नैराश्य हा आजार आहे आणि त्याला उपचार लागतात. त्यासाठी सरकारची ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. पक्षी हे डॉक्टरला पर्याय नव्हेत, एवढे ध्यानात ठेवावे.

दोन प्रश्नांची परीक्षा

मोबाईलवर पाहिलेले आपल्या कामाचे की निकामी, हे ओळखण्यासाठी मी रुग्णांना दोन प्रश्न सुचवतो. पहिला, ते पाहून मी जागेवरून उठलो का? दुसरा, ते सांगायला मी घरातल्या कोणाला हाक मारली का? दोन्हींची उत्तरे ‘नाही’ असतील, तर तो तास वाया गेला असे खुशाल समजावे. एकाचे जरी ‘होय’ असेल, तरी पदरात काही पडले.

माझ्या परिचयाच्या एका घरातले उदाहरण देतो. आजींच्या बोलण्यात ‘उतरंड’ हा शब्द आला. सहावीतल्या नातवाला तो कळेना. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ साली प्रथम निघाला. त्याची १८५७ ची सुधारलेली आवृत्ती शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवली आहे. मुलाच्या आईने त्यात शब्द शोधला. पण खरी मजा पुढे आली. आजी उठल्या आणि फडताळातले पाच डबे काढून ओट्यावर त्यांची उतरंड रचून दाखवली. मोठे खाली, लहान वर. मग शिंके म्हणजे काय, ते कशासाठी टांगत, मांजर दह्यापर्यंत कसे पोचे, हे सारे निघाले. आता त्या घरात रोज एक जुना शब्द शोधला जातो. आजींना आपल्या बोलण्याची कोणाला तरी गरज आहे असे वाटू लागले, हे मला शब्दाच्या अर्थाहून मोलाचे वाटते. आपला मराठी विश्वकोशही असाच इंटरनेटवर विनामूल्य वाचायला मिळतो. दुपारच्या वेळी त्यातली एक नोंद वाचून ती संध्याकाळी घरात सांगणे, हा स्मरणशक्तीला चांगला व्यायाम आहे.

सैंधवाची गोष्ट

मोबाईलवर सापडलेली प्रत्येक गोष्ट मात्र शोध नसते. आरोग्याच्या बाबतीत तर पुष्कळदा ती ऐकीव गोष्टच असते. ‘सैंधव मीठ खा, रक्तदाब वाढत नाही’ हा निरोप तुम्हालाही आला असेल. सैंधवातही मुख्य घटक आपल्या नेहमीच्या मिठाचाच, म्हणजे सोडियम क्लोराईड. त्यामुळे ते कितीही खाल्ले तरी चालते, ही समजूत चुकीची आहे. शिवाय त्यात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते. मीठ कोणतेही असो, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका लहान चमच्यापेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात लोणचे, पापड, फरसाण सगळे आले. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून जे मिळते, त्यात पोटॅशियम असते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

यापेक्षा घातक निरोप म्हणजे ‘अमुक रस घ्या आणि गोळ्या कायमच्या बंद करा’. रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. म्हणून ‘गोळी बंद केली, तरी मला छान वाटते’ या वाक्याला अर्थ नाही. दाब आतून वाढत राहतो आणि एखाद्या सकाळी अर्धांगवायूच होतो. असा निरोप आला, तर तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि त्यात काही विकायचे आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. एवढे करूनही शंका राहिली, तर तो निरोप घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे. गोळी मात्र एक दिवसही परस्पर बंद करू नये.

एकटेपणा हाही धोकाच

हे सारे मी एवढ्या आग्रहाने का लिहितो आहे? कारण आपल्यासारख्या लहान गावांतूनही घरे रिकामी होत आहेत. मुले पुण्या-मुंबईला, काही परदेशात. मागे राहिलेल्या दोघांपैकी एक गेला, की दुसऱ्याच्या हाती उरतो मोबाईल. जगात सहापैकी एक माणूस एकटेपणाने ग्रासलेला आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात म्हटले आहे. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह यांचा धोका एकटेपणाने वाढतो, हेही त्यात आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ पासून काही माणसांच्या आयुष्याचा पाठपुरावा चालविला आहे. वयाच्या पन्नाशीत ज्यांचे जवळच्या माणसांशी संबंध समाधानाचे होते, तेच ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळले. आपल्या आजी-आजोबांना यासाठी अहवालाची गरज पडली नसती. ओट्यावरच्या गप्पा हा त्यांचा रोजचा नेम होता. आता ओटे गेले, त्यांच्या जागी काहीतरी आपणच उभे करायला हवे.

घरात काय करता येईल

फार मोठे संकल्प मोडतात, म्हणून मी लहानच सुचवतो. जेवणाच्या वेळी घरातले सगळे मोबाईल एका कोनाड्यात किंवा कपाटात ठेवावेत. त्या वेळी प्रत्येकाने दिवसभरात सापडलेली एक नवी गोष्ट सांगावी. मग ती मोबाईलवरची असो, की बाजारातली. रात्री मोबाईल उशाशी नको. गजराला साधे घड्याळ पुरते. सतत पडदा पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. म्हणून दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावे. खिडकीसमोर तुळस किंवा जास्वंद असेल, तर हे आपोआप जमते. लहान मुलांबाबत मात्र कडक राहावे. दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून अधिक नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. मूल जेवत नाही म्हणून मोबाईल दाखवण्यापेक्षा खिडकीतली चिमणी दाखवावी. चिमणी नसेल, तर कावळाही चालतो.

ज्यांच्या घरी एकटे वडीलधारे आहेत, अशा परगावच्या मुलांना एक विनंती. आई-वडिलांना केवळ ‘सुप्रभात’ची चित्रे पाठवू नका. त्यांना काहीतरी शोधायला सांगा. ‘आपल्या परसातल्या झाडावर कोणता पक्षी येतो?’, ‘तुमच्या लहानपणी आंबील कशी करत?’ असे विचारा आणि संध्याकाळी त्याचे उत्तर फोन करून ऐका. उत्तर शोधण्यासाठी ती माणसे खुर्चीतून उठतील, शेजाऱ्याला विचारतील, वही काढतील. मी लिहून दिलेल्या गोळ्यांबरोबर एवढे होऊ लागले, तर त्या गोळ्याही अधिक नेमाने घेतल्या जातील, असे मला वाटते.