शब्दांचे भाषांतर झाले, समीकरणांचे काय?

(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

भोपाळच्या लाल परेड मैदानावर १६ ऑक्टोबर २०२२ रोजी एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे ते तीन विषय. त्यानंतर जो वाद रंगला तो शब्दांचा. इंग्रजी संज्ञा देवनागरीत जशाच्या तशा ठेवल्या हे योग्य की अयोग्य, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. त्याआधी २०२१-२२ पासून अभियांत्रिकीचे शिक्षणही भारतीय भाषांतून देण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने परवानगी दिली होती. तेव्हाही चर्चा झाली ती शब्दांचीच.

हा वाद निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. मराठी माध्यमातून शिकून आलेल्या आमच्यासारख्यांना त्याचे महत्त्व कोणी सांगायला नको. परंतु जीवरसायन घ्या, अभियांत्रिकी घ्या किंवा आमचे वाणिज्य घ्या, पुस्तकातले निम्मे ओझे समीकरणे वाहतात. शब्दांचे भाषांतर करावे लागते, समीकरणाचे करावे लागत नाही. म्हणून तिथे काही कामच नाही असा आपला समज झालेला आहे. माझे म्हणणे असे की तिथे काम आहे, आणि ते आत्ताच केले नाही तर भारतीय भाषांतील उच्च शिक्षणाची पुस्तके दर आवृत्तीला नव्याने लिहावी लागतील.

हे काम कोणते? आपले बहुतेक प्राध्यापक टिपणे वर्डमध्ये तयार करतात. वर्डमधले समीकरण माणसाच्या डोळ्यांना समीकरण दिसते. पण ई-पुस्तक किंवा संकेतस्थळ तयार करणाऱ्या यंत्राला ते तसेच कळेल याची खात्री नसते. त्याला अंश कोणता, छेद कोणता, घातांक कोणाच्या डोक्यावर बसला आहे, हे खुणा करून सांगावे लागते. अशा खुणांच्या लेखनाला मार्कअप म्हणतात. गणितासाठी मॅथएमएल नावाचे मार्कअप वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने एप्रिल १९९८ मध्येच मान्य केले. म्हणजे ही व्यवस्था माझ्या जन्माआधीची आहे.

खुणा हरवल्या तर काय होते, याचा हिशेब वाणिज्याच्या विद्यार्थ्याने मांडलेला बरा. दहा हजार रुपये, दर साल दर शेकडा ८ चक्रवाढ व्याजाने १० वर्षे ठेवले. गुणक होतो १.०८ चा दहावा घात, आणि रास होते सुमारे २१,५८९ रुपये. आता हेच सूत्र वर्डमधून उचलून साध्या मजकुरात चिकटवा. वर बसलेला १० खाली उतरतो आणि गुणक दिसतो १.०८१०. रास झाली १०,८१० रुपये! एक आकडा जरासा खाली सरकला आणि १०,७७९ रुपये गेले. मुद्रितशोधकालाही ही चूक सहज दिसत नाही, कारण १.०८१० ही संख्या दिसायला निर्दोष आहे.

आपल्या लिप्यांची अडचण याहून निराळी. हिंदी भाषिक प्रदेशात वर्षानुवर्षे कृतिदेव फाँटमध्ये टंकलेखन झाले. मराठीतही युनिकोडपूर्वीच्या फाँटमधला मजकूर ढिगांनी पडून आहे. या फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलायला घेतला आणि समीकरणे आधी बाजूला काढली नाहीत, तर बदलणारे यंत्र समीकरणातल्या खऱ्या रोमन अक्षरांनाही देवनागरी समजते. कृतिदेवच्या मांडणीत एक्सच्या जागी 'ग' आहे आणि वायच्या जागी 'ल'. म्हणजे 'एक्स अधिक वाय'चे झाले 'ग अधिक ल'! विद्यार्थी बिचारा हा 'ग' कोण म्हणून मागची पाने चाळत बसणार.

मग उपाय अवघड आहे काय? वर्डमधली समीकरणे साधारण तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार वर्ड २००७ पासूनच्या समीकरण-चौकटीत लिहिलेल्यांचा. त्यांत रचना मुळातच साठवलेली असते आणि तिचे मॅथएमएल करण्याची नियमावली ऑफिसबरोबरच येते. दुसरा प्रकार जुन्या इक्वेशन एडिटरमध्ये लिहिलेल्यांचा. सुरक्षिततेच्या कारणावरून मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये तो एडिटर काढून टाकला. त्यातली समीकरणे दिसतात, पण त्या एडिटरने आता दुरुस्त करता येत नाहीत. त्यांच्यासाठी मॅथटाइपसारखे दुसरे साधन लागते. तिसरा प्रकार चित्र म्हणून चिकटवलेल्यांचा. तिथे रचना नावाची वस्तूच नाही. यंत्राकडून ओळखून घेतले तरी माणसाने एकेक चिन्ह ताडून पाहावे लागते. जितका उशीर करू तितकी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारची संख्या वाढणार.

याची सर्वांत मोठी किंमत अंध विद्यार्थी मोजतात. संगणकाचा पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला मॅथएमएल दिले, तर गणितवाचनाच्या साधनाच्या मदतीने ती अंश, छेद, घात क्रमाने सांगू शकते. चित्र दिले तर ती नुसते 'चित्र' म्हणून पुढे जाते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. पुस्तक मातृभाषेत आणले आणि समीकरणापाशी येऊन ते मुके झाले, तर त्या विद्यार्थ्याला आपण नक्की काय दिले?

आता आपल्या घरचेच पाहू. आपल्या या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. मला दोन्ही भाषा येतात, म्हणून दोन्ही विभाग वाचतो. चक्रवाढ व्याजाचे सूत्र दोन्ही भाषांत एकच. ते एकदा नीट खुणा करून ठेवले, तर मराठी लेखाला चालेल, कन्नड लेखाला चालेल आणि भोपाळच्या हिंदी पुस्तकालाही चालेल. अंक देवनागरी हवेत की कन्नड, हा बदल मग नियमाने करता येतो, कारण अंक कोणता आणि अक्षर कोणते हे यंत्राला ठाऊक असते. शब्दांच्या बाबतीत प्रत्येक भाषेला आपापले कष्ट करावेच लागतील. समीकरणांच्या बाबतीत तेच कष्ट तीनदा करण्याचे कारण काय?

यावर आक्षेप येईल तो पैशांचा. एवढे टंकलेखक, एवढे तपासनीस आणायचे कुठून? पुस्तक पीडीएफ करून दिले की भागते! पहिल्या वर्षाच्या हिशेबशास्त्रात आम्हांला भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक शिकवतात. समीकरणाचे चित्र चिकटवणे हा महसुली खर्च. तो या वर्षी स्वस्त वाटतो, पण अभ्यासक्रम बदलला की पुन्हा करावा लागतो. मार्कअप करून ठेवणे हा भांडवली खर्च. एकदा केला की त्याचा लाभ अनेक आवृत्त्यांना मिळतो. महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने काढलेल्या जुन्या मराठी ग्रंथांचा विचार करा. त्यांची पाने आज नुसती स्कॅन केली तर जतन होतील, पण त्यांतल्या समीकरणांचा नव्या पुस्तकाला उपयोग व्हायचा तर ती पुन्हा बसूनच लिहावी लागतील. 'पुढचे पाठ, मागचे सपाट' अशीच ही गत आहे.

शासनाने काय करावे हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. आपण काय करावे ते मात्र सांगू शकतो. पुढच्या अंकासाठी संपादक मंडळाने लेखकांना एवढेच कळवावे की समीकरण चित्र म्हणून देऊ नये, वर्डच्या समीकरण-चौकटीत लिहावे. दोन्ही विभागांनी ती समीकरणे एकाच ठिकाणी साठवावीत. प्राध्यापकांनी आपली जुनी टिपणे आम्हां विद्यार्थ्यांकडे द्यावीत. दोघांनी बसावे, एकाने मूळ कागदावरचे सूत्र मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पडद्यावरचे ताडून पाहावे. खातेवहीचे आकडे आपण असेच तपासतो. दिवाळीच्या सुट्टीत एका विषयापासून सुरुवात करता येईल. व्यावसायिक गणिताची टिपणे उतरवून तपासायला मी तयार आहे. कन्नड विभागातून कोणी जोडीला येईल काय?