स्वस्त डबा, महाग खेळ

"प्लेस्टेशन वीस हजाराला दिलं ना, देगलूरात घरटी एक खपंल. कंपनी मालामाल!" माझा एक मित्र दर दिवाळीला हे वाक्य टाकतो आणि चहाच्या टपरीवर सगळे माना डोलावतात. यंदा मी डोलावली नाही. "येड्यासारखं काय बोलायलास?" म्हणालो. मग वाद पेटला.

किंमत उतरली की खप वाढतो आणि खप वाढला की नफा वाढतो, असं आपण धरूनच चालतो. यातला पहिला भाग बहुतेक वेळा खरा असतो, दुसरा नाही. एक हिशोब करा. समजा, कंपनीला 40,000 रुपयांत पडणारं यंत्र ती 45,000 ला विकते. नगामागे नफा 5,000. आता किंमत 3,000 ने उतरवली. गिऱ्हाइकाला सात टक्केसुद्धा सूट मिळाली नाही, पण कंपनीचा नफा पाच हजारांवरून दोन हजारांवर आला. पूर्वीइतकेच पैसे कमवायला आता अडीचपट यंत्रं खपवावी लागतील. हे देगलूरच्या माणसाला मी काय समजावणार? सोयाबीनचा भाव क्विंटलमागे तीनशेनं पडला की, "बरं झालं, आता माल जास्त जाईल," असं इथं कोणी म्हणतं का?

मित्राचा पुढचा मुद्दा मात्र खरा होता. "कंपन्या तर तोट्यात विकतात, मग त्या खुळ्या आहेत का?" खुळ्या नाहीत. 2021 साली एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यानं साक्ष दिली की एक्सबॉक्सच्या यंत्रावर कंपनीनं कधी नफा कमावलेलाच नाही. कमाई आहे ती खेळांत. दुसऱ्याचा खेळ आपल्या दुकानातून विकला गेला की साधारण 30 टक्के यंत्रवाल्याचे. म्हणजे यंत्र हे गळाला लावलेलं आमिष आहे.

आमिषाचाही हिशोब असतो. धरा, यंत्रावर 8,000 तोटा. खेळ 4,999 चा, त्यात कंपनीचे साधारण दीड हजार. नुसता खड्डा भरायला पाच-सहा नवे खेळ विकले गेले पाहिजेत. वीस हजारांसाठी वर्षभर पैसे साठवणारं घर पाच हजारांचे सहा खेळ घेईल? ते एक क्रिकेटचा घेईल, एक मारामारीचा आणि बाकी मित्रांशी अदलाबदल करेल. जुनी डिस्क हातोहात फिरली की कंपनीला छदाम मिळत नाही. अशा गावात किंमत जितकी उतरवाल तितका तोटा वाढेल.

आमच्या पिढीला प्लेस्टेशन-टू घरात नाही, दुकानात भेटलं. तासाला दहा रुपये, एका यंत्रापुढे पंधरा पोरं आणि डिस्क सगळ्या नकली. आम्ही त्या खेळांवर जीव ओवाळून टाकला, पण कंपनीच्या वहीत आमची नोंद शून्य.

किंमत उतरवून कोणी सावरलंच नाही, असं मी म्हणत नाही. निंटेंडोनं 2011 मध्ये थ्रीडीएस हे यंत्र जपानात 25,000 येनला आणलं आणि सहा महिन्यांच्या आत 15,000 वर उतरवलं. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. मार्च 2012 ला संपलेल्या वर्षात कंपनीला तोटाच झाला. पुढे यंत्र चाललं, पण त्याच हिवाळ्यात मारिओचे दोन नवे खेळ आले होते, हे विसरू नका. सुटीनं दार उघडलं, घरात पैसा आणला तो खेळांनी.

आता माझा खरा राग. भारतात प्लेस्टेशन-फाइव्ह 2021 च्या फेब्रुवारीत आलं, डिस्कवालं 49,990 ला आणि बिनडिस्कचं 39,990 ला. दहा हजार स्वस्त! माझा मित्र त्यावरच खूश आहे. पण त्या दहा हजारांत आपण काय विकलं? खेळ संपल्यावर तो मित्राला देण्याचा, निम्म्या किमतीत विकण्याचा, चार जणांत वर्गणी काढून घेण्याचा हक्क. बिनडिस्कच्या यंत्रावर खेळ फक्त कंपनीच्याच दुकानातून, ती सांगेल त्या भावानं. देगलूरसारख्या गावात खेळ जगतो तो या हातातून त्या हातात जाण्यावर. तोच हात छाटून वर त्याला सूट म्हणायचं!

हा डाव आपण फोनवर पाहिलाय. 2016 मध्ये जिओ फुकट आलं, आपण नाचलो. जुलै 2024 ला दर वाढले, तोवर आपलं सगळं जगणं त्या डेटावर चालू लागलं होतं. स्वस्तात दिलेलं कुठून वसूल होणार, हे घेताना विचारायचं असतं.

म्हणून मित्रा, "यंत्र स्वस्त करा" ही मागणी सोड. खेळ आपल्या खिशाच्या मापानं विका, हे माग. घेतलेला खेळ दुसऱ्याला देता आला पाहिजे, हे माग. त्यात कंपनीचाही फायदा आहे, कारण पाच हजारांचा एक खेळ न घेणारं घर हजाराचे तीन घेईल, निदान नकली डिस्क तरी शोधणार नाही. आणि तेवढं झालं नाही, तर यंत्र वीस हजाराला मिळालं तरी घेऊ नकोस. ते टीव्हीखाली धूळ खात पडेल आणि आपण परत टपरीवर बसून पुढच्या दिवाळीच्या सुटीबद्दल बोलत राहू.