शिक्क्याला घाबरू नका, दरफलक विचारा

शहापूर-मुरबाडहून आखातात निघालेल्या आपल्या पोरांचा पहिला खर्च तिकिटावर होत नाही, शिक्क्यावर होतो. "पोलीस क्लिअरन्स पाहिजे ना? मग सगळं नोटरी करून आण," असं एजंट सांगतो आणि पोरगा मागतील तेवढे पैसे मोजतो. माझं म्हणणं सरळ आहे: हे पैसे कायदा मागत नाही. आपण कायदा विचारत नाही, म्हणून ते जातात.

भारतातला पीसीसी पासपोर्ट सेवा पोर्टलवरून ५०० रुपयांत मिळतो. सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही त्याचा अर्ज करता येतो. पासपोर्टच्या जोडपत्रांना नोटरी लागण्याची अट परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्येच काढली. साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. मग एजंटला एकच विचारा: नोटरी कोणी मागितली? लेखी दाखवा.

कधी नोटरी खरंच लागते. आखातातून परतलेल्याला तिथल्या पोलिसांचा दाखला मागवायचा असेल, तर पासपोर्टची ट्रू कॉपी किंवा मुखत्यारपत्र मागितलं जाऊ शकतं. जे मागितलंय तेवढंच करा. ट्रू कॉपी म्हणजे प्रतिज्ञापत्र नव्हे. तिच्यासाठी कुणी ५०० चा स्टॅम्प पेपर गळ्यात मारत असेल तर उठून या.

नोटरी नियम, १९५६ मध्ये फी ठरलेली आहे. दरफलक कार्यालयाच्या आत आणि बाहेर लावणं, पावती देणं आणि रजिस्टरात नोंद करणं नोटरीला बंधनकारक आहे. कोणी म्हणेल, वकिलालाही पोट आहे. आहेच. टायपिंगचे, झेरॉक्सचे पैसे घ्या, पण वेगळे लिहून घ्या. शिक्क्याच्या नावाखाली सगळं एका रकमेत कोंबणं म्हणजे मेहनताना नव्हे.

पावती नाकारली तर नोटरीची नेमणूक करणाऱ्या सरकारकडे लेखी तक्रार करता येते. एकट्याला जड वाटतं, म्हणून चौघं मिळून जा. दोन्ही तालुक्यांत न्यायालय आहे, तिथे तालुका विधी सेवा समितीकडे विचारा. बायकांना तर उत्पन्न कितीही असो, कायद्याची मदत मोफत आहे. फोन करायचा तर १५१००.

आपल्या मोहल्ल्यात फॉर्म वाचता येणारी मुलं-मुली आता घरोघरी आहेत. आठवड्यातून एक तास मशिदीच्या ओट्यावर बसा. चुलत्याचा, शेजाऱ्याचा कागद हातात घ्या आणि त्यात काय मागितलंय ते मोठ्याने वाचून दाखवा. त्याचे पैसे वाचायला बहुतेक वेळा एवढंच पुरतं.