पुस्तक आपलें, किल्ली कोणाची?

हातांत धरून पुस्तकें वाचावयाचें यंत्र कोणतें घ्यावें, हा प्रश्न हल्लीं सुशिक्षित घरांतून वारंवार निघतो. वडील मंडळींस अक्षर मोठें करून हवें असतें, नोकरीला जाणाऱ्या लेकीसुनांस प्रवासांत वाचावयास हवें असतें, मुलांस अभ्यासाचीं पुस्तकें एके ठिकाणीं हवीं असतात. मग यंत्राची किंमत, वजन, बॅटरी यांची चर्चा चार दिवस चालते. या चर्चेंत एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आज या यंत्रांत घेतलेलें पुस्तक उद्यां दुसऱ्या यंत्रांत उघडेल काय? आमच्या मतें खरेदीपूर्वीं विचारावयाचा पहिला प्रश्न हाच होय.

ई-पुस्तक म्हणजे शेवटीं एक फाइल. ती कोणत्या पद्धतीनें बांधली आहे, यावर तिचें भवितव्य अवलंबून असतें. या बांधणीस फॉरमॅट म्हणतात. ईपब हा त्यांतील प्रमुख. तो २००७ सालीं पुस्तकव्यवसायांतील एका आंतरराष्ट्रीय संस्थेनें प्रमाण म्हणून मान्य केला, आणि २०१७ पासून त्याची देखभाल वेबचीं प्रमाणें ठरविणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेकडे आली. त्यांत गूढ असें कांहीं नाहीं. वेबचीं पानें ज्या भाषेंत लिहितात त्याच भाषेंतील प्रकरणें, मांडणीचे नियम, चित्रें व अनुक्रमणिका हें सर्व एका गांठोड्यांत बांधलेलें असतें. तें कसें बांधावें याचे नियम प्रसिद्ध असल्यामुळें कोणताही जाणकार तें सोडणारें सॉफ्टवेअर लिहूं शकतो. पडदा लहान असो वा मोठा, मजकूर त्याच्या रुंदीप्रमाणें पुन्हा जुळून येतो. पीडीएफ हा १९९३ चा. तोही २००८ पासून खुलें प्रमाण आहे. परंतु त्यांत छापील पानाची मांडणी जशीच्या तशी राहते, म्हणून लहान पडद्यावर वाचतांना डोळ्यांस शीण होतो.

ॲमेझॉननें निराळा मार्ग धरिला. या कंपनीनें २००५ सालीं मोबीपॉकेट ही फ्रेंच कंपनी विकत घेतली, आणि २००७ च्या नोव्हेंबरांत किंडल हें यंत्र बाजारांत आणिलें, तें त्याच घराण्यांतला स्वतःचा फॉरमॅट घेऊन. मौज अशी कीं, पाम, सिंबियन, विंडोज अशा त्या काळच्या नाना जातींच्या हातयंत्रांवर चालणें, हाच मोबीपॉकेटच्या पुस्तकांचा मोठा गुण होता!

येथें दोन गोष्टींची गल्लत होऊं देऊं नये. फॉरमॅट ही पुस्तकाची बांधणी. तिच्यावर घातलेलें कुलूप ही निराळी वस्तु. या कुलुपास डीआरएम म्हणतात. ईपबलाही कुलूप घालतां येतें, आणि ॲपल, कोबो, गूगल यांच्या दुकानांतील पुष्कळ पुस्तकें तशींच असतात. तेव्हां केवळ ईपब हें नांव वाचून निश्चिंत होऊं नये.

किल्ली दुसऱ्याच्या हातीं असली म्हणजे काय होतें, याचे दाखले दूरचे नाहींत. २००९ च्या जुलैंत ॲमेझॉननें जॉर्ज ऑर्वेल यांचीं दोन पुस्तकें ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतलीं. विकणाऱ्यास तीं विकण्याचा हक्क नव्हता, हें कारण खरें. कंपनीनें पैसे परत केले आणि तिचे प्रमुख जेफ बेझोस यांनीं जाहीर क्षमाही मागितली. पण घरांत येऊन गेलेल्या वस्तूवर विक्रेत्याचा हात पोंचतो, हें त्या दिवशीं जगास कळलें. मायक्रोसॉफ्टनें २००० सालीं काढिलेलें रीडर हें सॉफ्टवेअर २०१२ सालीं बंद केलें. त्याच कंपनीनें २०१७ सालीं पुन्हा पुस्तकांचें दुकान थाटलें आणि २०१९ सालीं मिटलें. त्या जुलैंत ग्राहकांचीं पुस्तकें नाहींशीं झालीं. विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून घेण्याची किंडलच्या ग्राहकांस असलेली सोय ॲमेझॉननें २०२५ च्या फेब्रुवारींत काढून टाकिली.

पैसे परत मिळाले, मग तक्रार कसली, असें कोणी म्हणेल. पण पुस्तक कांहीं उरलें-सुरलें धान्य नव्हे कीं मापून परत घेतलें आणि हिशेब मिटला. आजोबांनीं समासांत केलेली खूण नातवास सांपडते, मावशीनें वाचावयास नेलेलें पुस्तक तिच्या शेजारणीकडून फिरून घरीं येतें. एकत्र कुटुंबाचें ग्रंथालय असें वाढत असतें. कुलुपांतील ई-पुस्तक घेतांना मिळतो तो एका खात्यापुरता वाचण्याचा परवाना. तो सहसा उसना देतां येत नाहीं, कीं मृत्युपत्रांत लिहून ठेवितां येत नाहीं.

आपल्या मराठीस हा अनुभव निराळ्या वाटेनें आलेला आहे. संगणकावर मराठी मजकूर जुळूं लागला तेव्हां प्रत्येक फॉण्ट करणाऱ्याची अक्षरांची संकेतव्यवस्था वेगळी होती. त्या काळची फाइल आज उघडावी, आणि तो फॉण्ट जवळ नसावा, तर ‘क’च्या जागीं भलतेंच रोमन चिन्ह दिसतें. १९९१ पासूनच्या युनिकोडमध्यें देवनागरीच्या प्रत्येक वर्णास ठरलेला क्रमांक मिळाला, म्हणून आज एका यंत्रावर लिहिलेलें मराठी दुसऱ्यावर वाचतां येतें.

यावर कोणी म्हणेल, लिप्याही लोपतात. घरोघरच्या माळ्यावर मोडी कागदांचीं दप्तरें पडून आहेत, तीं तरी कोण वाचतो? दाखला योग्य आहे. पण तो आमच्याच बाजूचा आहे. मोडी वाचणारे थोडे राहिले, तरी मोडीची किल्ली कोणाच्या तिजोरींत नाहीं. वर्णमाला घेऊन सहा महिने चिकाटीनें बसणाऱ्यास पणजोबांचें खतपत्र आजही वाचतां येतें. कुलुपांतील फाइलीचें तसें नाहीं. दुकान उठल्यावर कितीही विद्वत्ता असली तरी किल्ली मिळावयाची नाहीं.

दुसरी बाजूही न्यायानें सांगितली पाहिजे. लेखकाचें पोट लेखणीवर असतें, आणि फुकट प्रती काढणारे थोडे नाहींत. म्हणून प्रकाशक कुलूप मागतात. २०१२ सालीं सुधारलेल्या आपल्या कॉपीराइट कायद्यानें हक्कभंगाच्या हेतूनें असें कुलूप मोडणें हा गुन्हा ठरविला आहे, आणि तें मोडा असें आम्ही मुळींच सांगत नाहीं. ॲमेझॉननें २०१६ च्या डिसेंबरांत किंडलचें दालन मराठी पुस्तकांसही उघडलें, आणि २०२२ पासून आपल्याजवळचा ईपब किंडलकडे पाठविण्याची सोय केली, हेंही मान्य केलें पाहिजे.

असो. गृहस्थानें करावें तें इतकेंच. घरांत जपून ठेवावयाचें पुस्तक शक्य तर विना-कुलूप ईपबमध्यें घ्यावें. तसें विकणारे प्रकाशक आहेत, त्यांस आवर्जून आश्रय द्यावा. घेतलेल्या फाइलीची एक प्रत संगणकावर व एक निराळ्या डिस्कवर ठेवावी. कोविद गोयल यांनीं २००६ सालीं सुरू केलेलें कॅलिबर हें विनामूल्य सॉफ्टवेअर अशा पुस्तकांची यादी ठेवतें व विना-कुलूप फाइल एका फॉरमॅटांतून दुसऱ्यांत नेतें; घरच्या एखाद्या मुलाकडे हें काम सोंपवावें. कुलुपाचें पुस्तक घ्यावेंच लागलें, तर तें भाड्यानें आणिलें असें समजून वाचावें, आणि संग्रहीं हवें असल्यास छापील प्रत घ्यावी. घरीं स्वतः कांहीं लिहीत असाल, आठवणी वा कुलवृत्तान्त, तर तो युनिकोडमध्येंच लिहावा.

यंत्र पांच-सात वर्षांत जुनें होतें. त्याचा शोक नको. तें टाकतांना आंतील पुस्तकें नव्या यंत्रांत नेतां आलीं, म्हणजे तीं आपलीं होतीं असें समजावें.