लगाम कोणाच्या हाती?

२०१९ च्या महापुरात सांगलीत लष्कराने माणसे वाचवली. ते ऋण मान्य. पण जमावावर बंदूक रोखायला लष्कर येते तेव्हा लगाम कोणाच्या हाती, हे सोलापूरने विचारायलाच हवे. मे १९३० मध्ये इंग्रजांनी येथे मार्शल लॉ पुकारून तिरंगा धरणेही गुन्हा ठरवले होते. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४९ लष्कराला कमीत कमी बळ वापरायला सांगते. कलम १५१ मात्र जवान असो वा पोलीस, त्या कारवाईबद्दल सरकारी मंजुरीवाचून खटला भरू देत नाही. १९९७ साली घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी १० बांधव गेले. गोळी आधी कोणत्या वस्तीत शिरते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून मंजुरीच्या निर्णयाला मुदत हवी, नकाराची कारणे लेखी हवीत. ही भीक नव्हे, संविधानाने दिलेला हक्क आहे.